धुके आणि मोटारीचे दिवे : पाहण्याचा प्रकाश व दिसण्याचा प्रकाश

अंधार पडला की दिवा लावावा आणि तेवढ्याने भागले नाही तर दिवा मोठा करावा, हा मनुष्याचा फार जुना अनुभव आहे. कंदिलाची वात चढविण्यापासून मोटारीच्या दिव्याचा झोत उंच करण्यापर्यंत हाच अनुभव त्याच्या हाताला वळण लावीत आला आहे. धुक्यात मात्र हा अनुभव उपयोगी पडत नाही. किंबहुना तो घातक ठरतो. दाट धुक्यात शिरलेला चालक पुढचे दिसेनासे झाले की झोत उंच करतो, आणि त्याबरोबर त्याच्यापुढे पांढरी भिंत उभी राहते. प्रकाश वाढला आणि दिसणे कमी झाले, हा विरोधाभास कसा उद्भवतो याचा उलगडा झाल्याखेरीज धुक्यात कोणता दिवा केव्हा लावावा यासंबंधीचे नियम ही केवळ पाठांतराची बाब होऊन राहते, आणि पाठ केलेला नियम भीतीच्या क्षणी आठवत नाही. म्हणून येथे त्या नियमांमागील भौतिक कारणांचा विचार प्रथम केला आहे.

धुक्यात पुढचे दिसत नाही ते प्रकाशाच्या अभावामुळे नव्हे. सकाळी नऊ वाजता पडलेल्या धुक्यात उजेड भरपूर असतो. तो चहूबाजूंनी डोळ्यांत येत असतो. तरीही साठ-सत्तर पावलांवर उभा असलेला ट्रक दिसत नाही. उणीव असते ती प्रकाशाची नव्हे, तर प्रकाशभेदाची. एखादी वस्तू दिसते याचा अर्थ ती आपल्या पार्श्वभूमीहून कमी अथवा अधिक उजळ आहे हे डोळ्यास कळते. हा भेद पुसला गेला की वस्तू समोर असूनही नाहीशी होते. धुके करते ते हेच.

धुक्याची घडण

जमिनीलगतच्या हवेचे तापमान दवबिंदूपर्यंत उतरले आणि हवेत पुरेसे सूक्ष्म कण असले, म्हणजे त्या कणांभोवती बाष्पाचे सांद्रीभवन होऊन जलबिंदू तयार होतात. दृश्यमानता १००० मीटरच्या खाली गेली म्हणजे त्या स्थितीस हवामानशास्त्रात धुके ही संज्ञा देतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणानुसार २०० ते ५०० मीटर दृश्यमानतेचे धुके मध्यम, ५० ते २०० मीटरचे दाट आणि ५० मीटरहून कमी दृश्यमानतेचे अतिदाट समजले जाते.

भारतात वाहनचालकाची गाठ प्रामुख्याने दोन प्रकारच्या धुक्यांशी पडते. डिसेंबर व जानेवारीत सिंधु-गंगेच्या मैदानात जमीन रात्री उष्णता गमावून गार होते आणि तिच्यालगतची ओलसर हवा थंड होऊन धुके साचते. हे प्रारण-धुके होय. त्याचा थर पुष्कळदा उथळ, परंतु शेकडो किलोमीटर पसरलेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर ह्याच धुक्याच्या पद्धतशीर निरीक्षणाचा उपक्रम हाती घेतला. दुसरा प्रकार सह्याद्रीतला. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारी ओली हवा घाटाच्या चढणीवर वर सरकते, प्रसरण पावून थंड होते, आणि खोऱ्यातून पाहणाऱ्यास जो ढग दिसतो तोच खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटातील चालकास धुके म्हणून भेटतो. हे धुके सलग नसते. एका वळणावर स्वच्छ हवा आणि पुढच्या वळणावर काहीच नाही, असा त्याचा प्रकार असतो, आणि रस्ताही बहुधा ओला असतो.

धुक्यातील जलबिंदूंची त्रिज्या साधारणतः काही मायक्रोमीटर असते. एका घन सेंटिमीटर हवेत ५ मायक्रोमीटर त्रिज्येचे १०० बिंदू आहेत असे धरल्यास एका घनमीटरात पाण्याचा भार सुमारे ०.०५ ग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा विसावा भाग भरतो. इतक्या क्षुल्लक पाण्याने दृश्यमानता सुमारे १९० मीटरवर येते. तेवढेच पाणी निम्म्या त्रिज्येच्या बिंदूंत वाटले गेले, तर बिंदूंची संख्या आठपट होते, प्रत्येकाचे छेदक्षेत्र चौथ्या हिश्शावर येते आणि एकूण अडथळा दुप्पट होतो. दृश्यमानता ९५ मीटरच उरते. धुराने व धुळीने भरलेल्या हवेत सांद्रीभवनास कण विपुल मिळतात, त्यामुळे तेवढ्याच बाष्पापासून अधिक संख्येने व अधिक बारीक बिंदू बनतात. शहरांच्या आसमंतातील धुके अधिक आंधळे का असते, याचे एक कारण ह्या साध्या गणितात आहे.

दृश्यमानतेचे गणित

धुक्यातून जाणारा प्रकाश अंतराबरोबर घातीय नियमाने क्षीण होतो. जलबिंदू प्रकाशाचे शोषण जवळजवळ करीत नाहीत. ते त्याचे प्रकीर्णन करतात, म्हणजे त्याला वाटेवरून ढळवून इतस्ततः विखुरतात. विखुरलेला हा प्रकाश दुहेरी हानी करतो. वस्तूकडून डोळ्याकडे येणाऱ्या किरणांतून तो वजा होतो, आणि दुसऱ्याच ठिकाणचा प्रकाश त्या दिशेने डोळ्यांत शिरून वस्तूवर उजळ पडदा घालतो. हॅराल्ड कोशमीडर यांनी १९२४ मध्ये ह्या दोन परिणामांची सांगड घालून क्षितिजसमांतर दिशेतील दृश्यमानतेचा सिद्धान्त मांडला. त्यानुसार दूरच्या काळ्या वस्तूचा प्रकाशभेद अंतराबरोबर घातीय रीतीने घटत जातो आणि एका ठराविक उंबरठ्याच्या खाली आला की वस्तू दिसेनाशी होते. हा उंबरठा ५ टक्के धरला, तर दृश्यमानता म्हणजे ३ भागिले क्षीणन-गुणांक, असे सुटसुटीत सूत्र मिळते.

५० मीटर दृश्यमानतेच्या धुक्याचे उदाहरण घेऊ. येथे क्षीणन-गुणांक दर मीटरला ०.०६ येतो. ५० मीटर अंतर कापल्यावर मूळ प्रकाशाचा विसावा भाग शिल्लक राहतो. आता पुढे ५० मीटरवर न पेटलेल्या दिव्यांचे एखादे वाहन उभे आहे असे समजा. त्याला पाहण्यासाठी चालकाच्या दिव्याचा प्रकाश तेथवर जाऊन परत यावा लागतो. जाताना विसावा भाग, येताना त्याचाही विसावा भाग. म्हणजे केवळ धुक्यामुळे चारशेवा भाग हाती लागतो. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात होणारी घट आणि वस्तूच्या पृष्ठभागाचे अपुरे परावर्तन ही याखेरीज वेगळी. उलट त्या वाहनाचा स्वतःचा मागचा दिवा लागलेला असेल, तर त्याच्या प्रकाशाला धुके एकदाच ओलांडावे लागते आणि विसावा भाग डोळ्यापर्यंत पोचतो.

धुक्यातील दिव्यांच्या वापराचे सारे तत्त्व ह्या दोन संख्यांत सामावलेले आहे. वाहनाचा दिवा दोन कामे करतो : चालकास पाहण्यास साहाय्य करणे आणि इतरांस वाहन दिसू देणे. स्वच्छ हवेत चालकाचे लक्ष पहिल्या कामाकडे असते आणि दुसरे आपोआप साधते. धुक्यात पहिले काम दोन वेळा धुके ओलांडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असल्यामुळे जवळजवळ कोलमडते; दुसरे मात्र पुष्कळ अंशी टिकून राहते. यास्तव धुक्यात दिवा मुख्यतः इतरांसाठी लावावयाचा असतो.

उंच झोत का फसतो

चालकांच्या बोलीत ज्याला ‘अप्पर’ म्हणतात तो उंच झोत क्षितिजाला समांतर आणि काहीसा वरच्या बाजूलाही प्रकाश फेकतो. चालकाची दृष्टीही त्याच हवेतून पुढे जात असते. झोत आणि दृष्टिरेषा जेथून एकमेकींत मिसळतात, तेथून पुढचा प्रत्येक जलबिंदू उजळून थोडा प्रकाश माघारी पाठवितो. जलबिंदू बहुतांश प्रकाश पुढच्या दिशेने ढळवितात हे खरे. माघारी येणारा अंश अल्प असतो. परंतु तो जवळच्या, प्रखर उजळलेल्या बिंदूंकडून येतो, तर पाहावयाची वस्तू दूर आणि मंद उजळलेली असते.

दिव्याची शक्ती दुप्पट केली तर काय होईल? वस्तूकडून येणारा प्रकाश दुप्पट होईल आणि धुक्याकडून माघारी येणाराही दुप्पट होईल. दोहोंचे प्रमाण, म्हणजेच प्रकाशभेद, होता तेवढाच राहील. डोळे मात्र अधिक दिपतील. अधिक शक्तीचे दिवे बसवून धुके भेदता येईल ही अपेक्षा ह्यामुळे मुळातच निराधार ठरते. दिवसाच्या धुक्यात तर पडदा सूर्यप्रकाशाचाच असतो आणि त्यापुढे मोटारीच्या दिव्याने रस्त्यावर पडणारा उजेड नगण्य असतो. दिवसा पुढचे दिवे लावावयाचे ते केवळ समोरच्यास दिसावे म्हणून.

शक्तीने जे साधत नाही ते रचनेने काही अंशी साधते. पडद्याची उजळी कमी करावयाची, तर झोत व दृष्टिरेषा शक्य तितक्या दूरवर जाऊन एकत्र याव्यात अशी व्यवस्था केली पाहिजे. वरच्या उदाहरणातील धुक्यात हे मिसळणे ३ मीटरवर सुरू होते अशी एक स्थिती आणि १५ मीटरवर सुरू होते अशी दुसरी स्थिती कल्पिली, तर दुसऱ्या स्थितीत माघारी येणारा प्रकाश ढोबळ गणिताने पहिलीच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शावर येतो. ‘डिपर’ म्हणजे खालचा झोत हेच करतो. त्याची वरची कड स्पष्ट कापलेली असते आणि ती दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर या हिशेबाने खाली झुकविलेली असते. जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवरील दिवा आणि ११५ सेंटिमीटरवरील डोळा असे धरल्यास, ३० मीटर पुढच्या रस्त्याकडे पाहणारी दृष्टिरेषा सुमारे १७-१८ मीटरपर्यंत झोताच्या वरूनच जाते. कडेच्या वरही थोडा प्रकाश सांडत असल्यामुळे प्रत्यक्ष लाभ गणिताइतका नसतो; तरी उंच झोत आणि खालचा झोत यांतील अंतर कोणत्याही चालकास एका क्षणात जाणवण्याजोगे असते.

धुक्यासाठी पुढे बसविलेले खास दिवे, ज्यांना फॉग लॅम्प म्हणतात, ते याच विचाराची पुढची पायरी होत. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीत मोटारीच्या पुढच्या फॉग लॅम्पची उंची २५० ते ८०० मिलिमीटरांच्या दरम्यान ठेवली आहे, आणि तो खालच्या झोताच्या दिव्याहून वर नसावा अशी अट आहे. त्याचा झोत चपटा व रुंद असतो. जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर बसविलेला आणि दर मीटरला दोन सेंटिमीटर झुकविलेला असा दिवा रस्ता १७-१८ मीटरपर्यंतच उजळतो. पण तेथवर पाहणारी दृष्टिरेषा जवळजवळ रस्त्याला टेकेपर्यंत झोताच्या वरून जाते. दूरचे दाखविणे हे त्याचे कामच नव्हे. रस्त्याच्या दोन्ही कडा आणि त्यांवरील पांढरे पट्टे जवळच्या जवळ दिसत राहावेत, म्हणजे चालक मार्ग सोडणार नाही, एवढाच त्याचा हेतू आहे. हाच दिवा मोटारीच्या टपावर अथवा पुढच्या जाळीच्या वरच्या अंगास बसविला, तर त्याचा गुण जातो आणि उंच झोताचा दोष तेवढा उरतो.

ह्या भूमितीचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ट्रक किंवा बस यांच्या चालकाचा डोळा दिव्यांच्या पुष्कळ वर असतो. त्यामुळे त्याच्यापुढील पडदा तुलनेने विरळ असतो. उथळ प्रारण-धुक्यात तर तो थराच्या वरच्या विरळ भागातून पाहत असतो. मोटार चालविणाऱ्यापेक्षा त्याला थोडे दूरचे दिसते आणि तो त्या मानाने वेग राखतो. त्याच्यामागे त्याच वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या चालकाला मात्र ती दृष्टी लाभलेली नसते.

पिवळ्या दिव्याविषयीचा समज

पिवळा प्रकाश धुके भेदतो, असा समज सर्वत्र रूढ आहे आणि त्याला शास्त्राचा आधारही दिला जातो. लॉर्ड रॅली यांनी १८७१ मध्ये दाखविल्याप्रमाणे हवेच्या रेणूंकडून होणारे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि आकाश निळे दिसते. परंतु हा नियम तरंगलांबीहून पुष्कळ लहान कणांना लागू आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर, धुक्यातील बिंदू तिच्या दहा-वीसपट. अशा कणांच्या प्रकीर्णनाचे गणित गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये मांडले, आणि त्यावरून असे दिसते की बिंदू तरंगलांबीच्या मानाने मोठा असला म्हणजे सर्व रंगांचे प्रकीर्णन जवळजवळ सारखेच होते. धुके पांढरे दिसते हाच त्याचा उघड पुरावा आहे. रंगांत भेद करणारे धुके पांढरे दिसलेच नसते.

फ्रान्समध्ये १९३६ च्या निर्णयाने मोटारींचे पुढचे दिवे पिवळे असणे सक्तीचे झाले आणि ही सक्ती १९९३ मध्ये संपली. पिवळ्या प्रकाशाच्या बाजूने आज एवढेच म्हणता येते की निळसर छटेच्या तितक्याच प्रखर प्रकाशापेक्षा तो डोळ्यास कमी त्रासदायक वाटतो. हा लाभ सुखाचा आहे, दृष्टीच्या पल्ल्याचा नव्हे. पिवळी काच लावली म्हणून जो चालक वेग वाढवितो, त्याने दिव्यापासून न मिळालेल्या गुणावर विश्वास टाकलेला असतो.

दिसण्याचा प्रकाश

आता दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या कामाकडे वळू. बिंदुरूप दिव्याचा प्रकाश क्षीण करणाऱ्या हवेतून किती पोचतो याचे सूत्र दीपगृहांचे फ्रेंच अभियंते एमील अलार यांनी १८७६ मध्ये दिले. दिव्याची तीव्रता घातीय क्षीणनाने गुणून अंतराच्या वर्गाने भागली की पाहणाऱ्याशी पडणारा प्रकाश मिळतो. मोटारीच्या नेहमीच्या मागच्या तांबड्या दिव्याची किमान तीव्रता संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार ४ कँडेला असते. धुक्यासाठी मागे बसविलेल्या खास तांबड्या दिव्याची १५० ते ३०० कँडेला. उजळ दिवसाच्या धुक्यात दिवा ओळखण्यास डोळ्याशी लक्सचा एक सहस्रांश प्रकाश लागतो असे धरून ५० मीटर दृश्यमानतेच्या धुक्याचे गणित केले, तर ४ कँडेलाचा दिवा सुमारे २८ मीटरवरून आणि १५० कँडेलाचा सुमारे ६० मीटरवरून दिसतो. तीव्रता सदतीसपट आणि पल्ला जेमतेम दुप्पट. घातीय क्षीणन असे कठोर असते. तरीही हे तीस-बत्तीस मीटर म्हणजे मागून येणाऱ्याला थांबण्यास मिळणारे अंतर आहे.

ते किती मोलाचे आहे हे थांबण्याच्या अंतराशी ताडून पाहावे. चालकास प्रतिसादासाठी दीड सेकंद आणि ओल्या रस्त्याचा घर्षणांक ०.४ धरल्यास ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे ३२ मीटरांत थांबते, ६० किलोमीटरची ६० मीटरांत आणि ८० किलोमीटरची ९६ मीटरांत. म्हणजे वरील धुक्यात पुढे थांबलेल्या वाहनाचा नेहमीचा मागचा दिवा २८ मीटरवर दिसला, तर ४० च्या वेगानेही टक्कर पूर्णपणे टळत नाही. मागचा खास दिवा लागलेला असल्यास ६० च्या वेगानेही ती टळण्याचा संभव असतो.

हाच दिवा धुके विरळल्यावर चालू राहिला तर अपाय करतो. त्याची तीव्रता ब्रेकच्या दिव्याच्या तोडीची असल्याने मागच्यास ब्रेक लागल्याचे चटकन कळत नाही, आणि रात्री त्याचे डोळे दिपतात. म्हणून निरनिराळ्या देशांनी त्याच्या वापराला मर्यादा घातली आहे. जर्मनीत धुक्यामुळे दृश्यमानता ५० मीटरच्या खाली गेल्यासच तो लावता येतो, आणि त्या स्थितीत वेगही ताशी ५० किलोमीटरहून अधिक ठेवता येत नाही. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये साधारणपणे १०० मीटरच्या पलीकडचे दिसत नसेल तर पुढचे दिवे लावणे बंधनकारक आहे, आणि दृश्यमानता सुधारताच फॉग लॅम्प मालविणेही तितकेच बंधनकारक आहे.

ह्या संदर्भात नव्या मोटारींच्या दोन सोयी चालकास गाफील ठेवतात. दिवसा आपोआप पेटणारे पुढचे लहान दिवे अनेक मोटारींत मागचे दिवे पेटवीत नाहीत. पुढे उजेड पडलेला आणि वेगमापकाची तबकडी उजळलेली पाहून चालकास दिवे लागले असे वाटते. मागून मात्र गाडी काळोखी असते. दुसरी सोय आपोआप दिवे लावणाऱ्या संवेदकाची. हा संवेदक उजेड मोजतो, प्रकाशभेद नव्हे. आणि दिवसाच्या धुक्यात उजेड भरपूर असल्यामुळे तो स्वस्थ बसतो. धुक्यात खालच्या झोताचा खटका हाताने दाबणे, हाच यावर खात्रीचा उपाय आहे.

धुक्यात चारही इंडिकेटर एकदम लुकलुकत ठेवून गाडी हाकण्याची प्रथा आपल्याकडे बोकाळली आहे. तिच्यामागचा हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. लुकलुकणारा दिवा निम्मा वेळ विझलेला असतो. वळण्याची वा मार्गिका बदलण्याची सूचना त्यात बुडून जाते. आणि सर्वांत मोठा तोटा हा की जी खूण थांबलेल्या वाहनाची म्हणून राखून ठेवली आहे, ती चालत्या वाहनांनी वापरल्यामुळे खरोखरच थांबलेले वाहन ओळखू येत नाही.

डोळ्याची फसगत

दिवे योग्य रीतीने वापरले तरी त्यांवरून अंतर व वेग यांचा अंदाज घेणारा डोळा धुक्यात विश्वासार्ह राहत नाही. काव्हालो, कोलोम्ब व दोरे या फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पुढच्या वाहनाचे मागचे दिवे धुक्यात नेहमीपेक्षा सरासरी ६० टक्के अधिक दूर भासतात असे आढळले. मंद दिसणारा दिवा दूरचा, हा रोजच्या अनुभवाचा ठोकताळा येथे फसतो. मागे एकच दिवा असेल तर, दोन दिव्यांमधील फटीवरून अंतर ओळखण्याची सोयही जाते. दुचाकी त्यामुळे विशेष धोक्यात असते.

वेगासंबंधीचे निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारे आहेत. स्नोडेन, स्टिम्पसन व रडल यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये असे दाखविले की दृश्यातील प्रकाशभेद सर्वत्र सारखा कमी केला म्हणजे वेग प्रत्यक्षाहून कमी भासतो, आणि चालक नकळत जलद जातो. २०१२ मध्ये प्रेत्तो व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर आक्षेप घेतला : खऱ्या धुक्यात प्रकाशभेद सर्वत्र सारखा घटत नाही, तो अंतराबरोबर घटतो, आणि तशी रचना करून पाहिल्यास वेग उलट अधिक भासतो. दोन्ही प्रयोग कृत्रिम दृश्यांवरचे असून त्यांतील मतभेद धुक्याचे अनुकरण कसे करावे यावरच अवलंबून आहे, हे संशोधकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. चालकापुरता निष्कर्ष मात्र एकच निघतो. धुक्यात वेगाचा निर्णय डोळ्याच्या अंदाजावर सोडू नये, वेगमापकाकडे पाहावे.

पुढच्या गाडीचे तांबडे दिवे धरून चालण्याचा मोह हाही ह्याच फसगतीचा भाग आहे. ते दिवे म्हणजे धुक्यातील एकमेव खूण असल्यामुळे चालक त्यांना चिकटून राहू पाहतो. ते नाहीसे होऊ नयेत म्हणून अंतर कमी करतो. आणि असलेले अंतरही त्याला वास्तवाहून मोठे भासत असते.

एका अपघाताचा बोध

११ डिसेंबर १९९० रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात, कॅल्हून गावाजवळ, आंतरराज्य महामार्ग ७५ वर एकाएकी दाट धुके आले. वेग कमी केलेल्या एका मालट्रकवर मागून दुसरा मालट्रक आदळला आणि त्यापाठोपाठ दोन्ही दिशांच्या मार्गांवर मिळून ९९ वाहने एकमेकांवर आदळली. १२ माणसे मृत्यू पावली आणि ४२ जखमी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीअंती जे कारण दिले ते मननीय आहे. दृश्यमानता अकस्मात नाहीशी झाल्यावर चालकांनी अतिशय भिन्न भिन्न वेग धरले, हे ते कारण होय. कोणी जवळजवळ थांबला, कोणी वेग तसाच ठेवला. प्रत्येकाने स्वतःपुरता निर्णय घेतला आणि तो मागच्यापुढच्यांस कळण्यास मार्ग राहिला नाही. त्या ठिकाणी पुढे धुके ओळखून चालकांना आधीच सूचना देणारी यंत्रणा उभारण्यात आली.

ही घटना दिव्यांच्या मर्यादेवरही प्रकाश टाकते. दिवा हा चालकाचा इतरांशी चाललेला संवाद आहे. मागचा तांबडा दिवा ‘येथे वाहन आहे’ असे सांगतो, ब्रेकचा दिवा ‘वेग उतरत आहे’ असे सांगतो. धुक्यात हा संवाद काही मीटरांपुरताच ऐकू जातो. त्या मर्यादेपलीकडे कोणताही दिवा काहीही सांगू शकत नाही. तेथून पुढचे काम वेगालाच करावे लागते.

सारांश

वरील विवेचनातून व्यवहाराचे नियम सहज निष्पन्न होतात. धुक्यात शिरण्यापूर्वीच वेग हळूहळू उतरवावा. दिवस असो वा रात्र, खालचा झोत हाताने लावावा. उंच झोत टाळावा. पुढचे फॉग लॅम्प असल्यास ते सोबत लावावेत. दाट धुक्यात मागचा खास दिवा लावावा आणि दृश्यमानता सुधारताच दोन्ही मालवावेत. चारही इंडिकेटर थांबलेल्या वाहनासाठी राखून ठेवावेत. मागच्या दिव्यांच्या काचा पुसलेल्या आणि सगळे दिवे पेटते असल्याची खात्री निघतानाच करावी. पुढची काच आतून धूसर झाली असेल तर ती आधी स्वच्छ करावी, कारण तोही डोळ्यापुढचा पडदाच होय. दिसत असलेल्या अंतरात गाडी थांबविता येईल एवढाच वेग ठेवावा. दुतर्फा वाहतुकीच्या अरुंद रस्त्यावर त्या अंतराच्या निम्म्यात. थांबणे भाग पडल्यास वाहन रस्त्याच्या पूर्ण बाहेर न्यावे, आणि माणसांनी वाहनात न बसता रस्त्यापासून दूर उभे राहावे.

ह्या नियमांत नवे असे थोडेच आहे. परंतु त्यांचे पालन बहुधा केले जात नाही, आणि त्याचे कारण अज्ञानापेक्षा एका चुकीच्या कल्पनेत आहे : दिवा हा आपल्या डोळ्यांसाठी आहे, ही ती कल्पना. तिच्या आधारे चालक धुक्यात झोत उंच करतो, आणि दिवसा उजेड आहे म्हणून दिवाच लावीत नाही. स्वतःच्या दिव्याचा प्रकाश धुके दोनदा ओलांडून चारशेवा भाग होऊन परततो आणि दुसऱ्याच्या दिव्याचा एकदाच ओलांडून विसावा भाग होऊन पोचतो, हे एकदा ध्यानी आले, म्हणजे धुक्यात प्रत्येकाची सुरक्षितता प्रामुख्याने दुसऱ्याने लावलेल्या दिव्यावर अवलंबून असते हेही ध्यानी येते. आपला मागचा दिवा आपल्याला कधी दिसत नाही. पण मागून येणाऱ्या चालकापाशी गाडी थांबविण्यास जे काही मीटर असतात, ते त्या दिव्याने त्याला मिळवून दिलेले असतात.